समुद्र घरी नसताना

जगूभाऊ समुद्रावर फिरायला जातात ते समुद्र घरी नसताना. ओहोटी लागली की बोर्डीचा किनारा उघडा पडत पडत इतका लांब जातो की पाणी म्हणजे नुसती एक चकाकणारी रेघ उरते. तेवढ्यात जगूभाऊ चपला हातात घेऊन उतरतात. शर्टाच्या खिशात भरती-ओहोटीचं वेळापत्रक, मनगटावर घड्याळ, आणि ते घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे. वयाची साठ वर्षं समुद्रालगत काढलेल्या या माणसाच्या पोटऱ्या खाऱ्या पाण्याने कधी भिजल्या नाहीत. घोट्याच्या वर पाणी आलं की जगूभाऊंच्या मते तो पूर.

घोलवडला माझी नर्सरी आहे आणि कुंपणापलीकडे जगूभाऊंची चिकूची वाडी आणि पॅकिंगची शेड. गेली बावीस वर्षं आमच्यामध्ये एक तारेचं कुंपण आणि दोन शब्द आहेत. ते दोन शब्द म्हणजे ‘धरून चाला’. जगूभाऊ कशाचीही सुरुवात याच शब्दांनी करतात. “रेखाताई, धरून चाला, आज ट्रक आलाच नाही.” ट्रक समोर उभा असतो. “धरून चाला, मांडव पडला,” म्हणून लग्नात ते कायम कडेच्या खुर्चीवर बसतात. आजवर एकही मांडव पडलेला नाही, पण जगूभाऊ म्हणतात, मी कडेला बसतो म्हणून पडत नाही.

अशा माणसाने अंदमानला जाऊन समुद्राच्या तळाशी उतरायचं ठरवलं, आणि त्याला कारण झाला माझा मोबाईल. त्यामुळे पुढचे तीन महिने मीही यात अडकले, हे आधीच सांगते.

झालं असं. शकू वहिनी, म्हणजे जगूभाऊंच्या मिसेस, दुपारी शेडमध्ये चिकू निवडत होत्या. मी सहज बसले होते. माझ्या भाचीने अंदमानहून पाण्याखालचा व्हिडिओ पाठवला होता, तो त्यांना दाखवला. वहिनींचं माहेर धाकटी डहाणू. वडील होडीवर, आई टोपली घेऊन बाजारात. या बाईला मासा म्हणजे काय ते मी दाखवावं, हा खरं तर आगाऊपणाच. पण वहिनी हातातला चिकू खाली ठेवून बघत राहिल्या. तीनदा बघितला.

“रेखा,” त्या म्हणाल्या, “माझा जन्म गेला गं माशांत. सोलले, वाळवले, विकले, खाल्ले. पण पोहताना मासा मी कधी बघितला नाही.”

“काहीतरीच काय वहिनी!”

“अगं, आपलं पाणी बघ ना, चहासारखं. आत काय दिसतंय? वर येतो तो तडफडतच येतो. एकदा बघायला पाहिजे, आपल्या मर्जीने कसा फिरतो ते.”

एवढंच बोलल्या आणि पुन्हा चिकू निवडायला लागल्या. पलीकडे जगूभाऊ खोक्यांना पट्टी मारत होते. चौथ्या दिवशी सकाळी कुंपणाशी आले. हातात नवी कोरी वही.

“रेखाताई, धरून चाला, आम्ही अंदमानला गेलो.”

त्या वहीवर त्यांनी ठळक अक्षरात ‘अडचणी’ असं लिहिलं होतं. पहिल्या आठवड्यात त्रेसष्ट अडचणी झाल्या. मला काही आठवतात. क्रमांक चार: विमान. क्रमांक एकोणीस: मासा कानात शिरल्यास. क्रमांक चाळीस: पाणी कोमट असतं म्हणतात, म्हणजे नेमकं किती? याच्यासाठी त्यांनी स्वतःच प्रयोग केला होता. अंघोळीच्या बादलीत तापाचा थर्मामीटर बुडवून बसले होते. दोन थर्मामीटर फुटले.

अंदमानच्या डायविंगवाल्याला ते रोज फोन करायचे. हिंदीतून. जगूभाऊंची हिंदी म्हणजे मराठीलाच टोपी घातलेली.

“मछली काटेगी क्या?”

“नहीं अंकल.”

“पकड के चलो, काट ली. फिर?”

“नहीं नहीं अंकल, नीचे कुछ भी पकडने का नहीं है!”

त्या माणसाने एक तक्ता पाठवला, तिथल्या माशांच्या चित्रांचा. जगूभाऊंनी तो मोठा छापून, प्लॅस्टिक चढवून शेडमध्ये वजनकाट्याच्या वर लावला आणि डावीकडून उजवीकडे पाठ करायला घेतला. “ओळखीचा मासा असला की भीती निम्मी,” असं त्यांचं म्हणणं. खोकी भरता भरता पुटपुटत असायचे. पोपटमासा, फुलपाखरू मासा, केशरी अंगावर पांढरे पट्टेवाला, मग निळा. झाडांवरून चिकू उतरवायला तळासरीकडची जेठी येते. ती एकदा म्हणाली, “शेठ, ह्यातला खायचा कुठला?” जगूभाऊंनी तिला अर्धा दिवस तक्त्याकडे पाठ करून बसवलं.

आतापर्यंत बेत असा होता की खाली जाणार शकू वहिनी. जगूभाऊ बोटीवर बसून काळजी करणार. या कामाला त्यांच्याइतका लायक माणूस जिल्ह्यात नाही. आणि तेवढ्यात तब्येतीचा फॉर्म आला.

फॉर्मात एक ओळ होती, दमा आहे का? वहिनींना दमा आहे. थंडीच्या दिवसांत पंप कमरेला खोचलेला असतो. डॉक्टरांनी फॉर्म वाचला आणि सही न करता परत दिला. म्हणाले, “बोटीत बसा, फोटो काढा, खाली नाही.”

त्रेसष्ट अडचणींत ही नव्हती. जगूभाऊंनी वही दोनदा वरपासून खालपर्यंत बघितली.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या ओटीवर होते. वहिनींनी फॉर्मची घडी घातली. म्हणाल्या, “राहू द्या. मोबाईलमध्ये बघितलं की. आता कशाला तिथवर जायचं?”

“जायचं,” जगूभाऊ म्हणाले.

“अहो, पण मग खाली कोण जाणार?”

“मी.”

म्हणाले आणि स्वतःच दचकले. मागे कोणी बोललं का, असं त्यांनी वळून बघितलं. मग पाणी मागितलं. प्यायलं नाही, नुसता तांब्या धरून बसले.

“मी बघून येतो आणि सांगतो तुला,” तांब्या खाली ठेवून म्हणाले. “सगळं सांगतो. वर आल्या आल्या.”

आता सरावाचा प्रश्न आला. घोलवडात पोहण्याचा तलाव नाही, आणि असता तरी जगूभाऊ त्यात उतरले नसते. शेवटी ठरलं की शेडमधल्या चिकू धुवायच्या हौदात सराव करायचा. कमरेएवढं पाणी, चारी बाजूंनी धरायला कठडा. मास्क आणि श्वासाची नळी भाचीकडून मी आणवली. पहिल्या दिवशी त्यांनी घाईने, माल धुऊन झालेल्या पाण्यातच तोंड घातलं. चिकूचा चीक तुम्हाला माहीत असेल. मास्कच्या काचेवर त्याचा असा थर बसला की जगूभाऊंना कठडाही दिसेना. “रेखाताई, मला दिसत नाही! मी आंधळा झालो!” मी मास्क ओढला. तो निघेना, मिशीला चिकटला होता. जेठी बाजूला उभी राहून म्हणाली, “शेठ, पाणी नाय चावत. तुमची मिशीच चावते.”

आणि तिचं खरंच होतं. स्वच्छ पाण्यात उतरल्यावर कळलं की मिशीच्या फटीतून मास्कमध्ये पाणी शिरतं. डायविंगवाल्याने फोनवर सांगितलं, मिशी काढा अंकल. जगूभाऊंची मिशी चाळीस वर्षांची. लग्नाच्या फोटोत आहे. ते दोन दिवस आरशापुढे घुटमळले आणि मंगळवारी सकाळी सफाचट होऊन शेडमध्ये आले.

नऊ वाजता पहिला माणूस आला. पांढरा सदरा, मान खाली. जगूभाऊंच्या पाठीवर हात ठेवून गप्प उभा राहिला. साडेनऊला आणखी तीन. दहाच्या सुमाराला कोणाच्या तरी घरून पिठलं-भाताचा डबा आला, कारण सुतकाच्या घरी चूल पेटवत नाहीत. आमच्याकडे धडधाकट माणूस एकाएकी मिशी काढतो तो आई किंवा बाप गेल्यावर. बाप पूर्वीच गेले होते. उरल्या आई, त्या बोर्डीला थोरल्या मुलाकडे असतात. जगूभाऊ सांगायचा प्रयत्न करत होते, पण घाबरलं की त्यांचा आवाज बसतो आणि डोळ्यांत पाणी येतं, त्यामुळे लोकांची खात्रीच पटत गेली.

शेवटी आईंचाच फोन आला. मी स्पीकर लावला.

“जगू, मला मारलंस का रे तू?”

“नाही आई, मिशी...”

“इथे माणसं यायला लागलीत! मी दारात उभी आहे तर मलाच विचारतायत, कधी नेणार!”

“आई, मिशीवर मास्क बसत नाही.”

“कसला मास्क? तो रोग गेला ना?”

शकू वहिनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याचा वरचा ओठ बघत होत्या. त्या इतक्या हसल्या की दम लागला आणि पंप घ्यावा लागला. पिठलं-भात आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ला. आलेली माणसंही जेवली.

मग रोज पाच वाजता हौद. त्यांची अट एकच. पाण्यात तोंड असताना बाहेरून माणसाचा आवाज यायला हवा. “आवाज थांबला की मी वर येणार.” म्हणून मी कठड्याशी उभी राहून मोठ्याने अंक मोजायचे. दहा झाले की ते एक बोट मिटायचे. दोन्ही हातांची बोटं मिटली की शंभर. मग मुठी उघडून पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी चारपर्यंत गेलो. आठवड्याने चाळीस. महिन्याने पाचशे. माझा घसा बसला. नर्सरीत गिऱ्हाईक कलमाचा भाव विचारायचं आणि मी सांगायचे, एकशे सदतीस.

एकदा मी विचारलं, “जगूभाऊ, आत डोळे उघडे ठेवता ना?”

“एका वेळी एक अडचण, रेखाताई,” ते म्हणाले.

जानेवारीत गेले. ऐन मालाच्या दिवसांत शेड माझ्यावर टाकून गेले, यावरूनच काय ते समजा. उतरायचा दिवस मला माहीत होता, वेळही माहीत होती. मी तशी काळजी करणारी बाई नाही. पण त्या सकाळी मी एकाच रोपाला दोनदा पाणी घातलं. माणूस साठीचा, पाण्याला घाबरणारा, आणि व्हिडिओ दाखवला कोणी? साडेअकराला वहिनींचा मेसेज आला. “आले वर. बोलतायत.”

परत आल्यावर आठवडाभर शेडमध्ये दुसरा विषय नव्हता. जगूभाऊ मासे चिकूच्या मापात सांगायचे. “डोकं एक नंबर, सगळ्यात मोठ्या मालाएवढं. डोळा म्हणजे अगदी बारका, गोटी माल.” पोपटमासा आला, फुलपाखरू मासा आला, केशरी अंगावर पांढरे पट्टेवाला आला, मग निळा आला. जेठी तोंड उघडं टाकून ऐकत होती. मीही ऐकत होते. हे मासे वजनकाट्याच्या वर टांगलेल्या रांगेनेच येतायत, हे मला तेव्हा जाणवलं होतं. मी लक्ष दिलं नाही.

मग एका दुपारी वहिनी नर्सरीत आल्या. कलमांच्या सावलीत उलट्या खोक्यावर बसल्या आणि मोबाईल माझ्या हातात दिला. “डायविंगवाल्याने काढलाय. वीस मिनिटांचा आहे.”

निळं, काचेसारखं पाणी. मध्ये जगूभाऊ, एका माणसाने दंडाला घट्ट धरलेले. अवतीभवती माशांचे थवेच्या थवे. पट्टेवाले, पिवळे, काही तर त्यांच्या नाकासमोरून जात होते. आणि मास्कच्या आत जगूभाऊंचे डोळे गच्च मिटलेले. मी व्हिडिओ पुढे सरकवला. मिटलेले. आणखी पुढे. मिटलेलेच. फक्त हात दिसत होते. एक बोट मिटलं. थोड्या वेळाने दुसरं. मुठी झाल्या, उघडल्या, पुन्हा पहिलं बोट.

खाली आवाज कुणाचाच नव्हता. मोजत कोण होतं?

“त्यांनी हा बघितलाय?” मी विचारलं.

“नाही. म्हणतात, मी प्रत्यक्ष बघितलंय, हा तुझ्यासाठी.”

“मग तुम्ही सांगितलं नाहीत?”

“काय सांगू? वर आले तेव्हा थरथरत होते गं. टॉवेल गुंडाळायच्या आधीच सांगायला बसले, पोपटमासा असा होता, पट्टेवाला तसा होता. एक विसरला नाही माणूस.”

“पण तुमचे मासे तरी दिसले ना सगळे यात?”

“असतील की बाजूला,” वहिनी म्हणाल्या. “मी अजून नीट बघितलेले नाहीत.”

कुंपणाशी चपला वाजल्या. वहिनींनी मोबाईल घेतला आणि मांडीवर पालथा ठेवला. जगूभाऊ आले. ओठावर मिशीचे खुंट पांढरे उगवले होते, हातात वही होती.

“रेखाताई, धरून चाला, पुढच्या वर्षी पुन्हा गेलो...”

“ते नंतर,” वहिनी म्हणाल्या. “हिला त्या पट्टेवाल्याचं सांगा. हिने नीट ऐकलेलं नाही.”

“ऐकलं नाही?” जगूभाऊंना खरंच वाईट वाटलं. ते खोक्यावर टेकले, वही बाजूला ठेवली. नीट आठवून सांगावं म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि बोलायला लागले. वहिनी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.