नरसय्यामामांचं मध्यंतर

"सर, तुमी म्हणजे एक नंबरचे बिन—" एवढं बोलून नरसय्यामामांनी माझ्या नाकासमोर हात उभा केला. "मध्यंतर!" म्हणाले आणि घरात निघून गेले.

बदली होऊन सोलापुरात आलो त्याला आठवडाही झाला नव्हता. त्या सकाळी पाण्याची मोटर चालू ठेवून मी आंघोळीत गात बसलो. टाकी ओसंडली आणि शेजारी मामांनी उन्हात मांडलेल्या कडक भाकऱ्या पार मऊ झाल्या. शिव्या माझ्या हक्काच्याच होत्या, पण अशा अर्ध्यात सोडलेल्या? मी पंचा गुंडाळून, तोंड उघडं टाकून उभा.

मामा बाहेर आले ते दोन कप चहा घेऊन. "घ्या की. साखर बघा बरोबर हाय का." मग गावाची चौकशी झाली, आईच्या गुडघ्यांची झाली. चहा संपला. मामांनी माझ्या हातातला कप काढून घेतला, मिशी पुसली आणि गरजले, "—डोक मानूस हाय!"

भांडण जिथं थांबलं होतं तिथून, अक्षरही न गाळता, सुरू झालं.

मामांचा जन्म पॉवरलूमवर चादरी विणण्यात गेला. पण विचाराल तर ते स्वतःला रंगभूमीचे मानतात. तरुणपणी गल्लीतल्या गणपतीच्या नाटकांत ते पडदा ओढायचे. "पडद्याच्या मागं काय असतंय, तुमाला म्हाईत न्हाय," ते मला सांगत. "आत्ता ज्याचा खून झाला तो, आन् ज्यानं केला तो, एका किटलीतला चहा पितेत. मध्यंतरात भांडायचं न्हाय. लई मोठा कायदा हाय."

हा कायदा ते कुठंही लावत. आम्ही त्यांना जेवायला बोलावलं, तर दुसऱ्या पुरीनंतर उठून गेले. श्रीखंडात केस निघाला की काय, म्हणून बायको रडायच्या बेतात. मी धावत रस्त्यावर आलो, तर मामा उष्टा हात अधांतरी धरून शतपावली करताहेत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगताहेत, "जेवन चालू हाय. मध्यंतर!"

मागच्या गल्लीत एक गृहस्थ वारले, तेव्हा मात्र मी हादरलो. बायका आक्रोश करत होत्या. मामा दारात उभे राहिले, हात वर केला आणि म्हणाले, "मध्यंतर!" घर चिडीचूप. मला वाटलं, आता मार खातात, आणि बरोबर आलो म्हणून मीही खातो. मामा सरळ त्या गृहस्थांच्या बायकोसमोर बसले. तिनं कालपासून पाणीही घेतलं नव्हतं. तिला कपभर दूध पाजलं, पदरानं तोंड पुसायला लावलं आणि उठताना म्हणाले, "हां. आता रड, बाई."

रोज सकाळी मामांच्या ओट्यावर आणखी एक गृहस्थ येत. चहा घेत आणि अवाक्षर न बोलता जात. हे त्यांचे धाकटे भाऊ, व्यंकटेश. वडिलांची लूमची शेड विकायची की ठेवायची, यावरून दोघांचं फाटलं होतं. व्यंकटेश "कोर्टात भेटू" म्हणाले, तेव्हा मामांनी हात वर केला होता. त्या वर्षी मामांच्या लेकीचं लग्न होतं. तिची पोरं आता शाळेत जातात. शेडला कुलूप आहे आणि मध्यंतर चालूच आहे.

आता, दुसऱ्याचं मिटवून द्यायची मला जुनी खाज. एका सकाळी मी खुर्ची ओढून दोघांच्या मध्येच बसलो. "मामा, एवढं मोठं मध्यंतर कुठं असतं का? आज शेडचं बोलूनच टाका. होऊ दे दुसरा अंक!"

दोघं हसतील, अशी माझी कल्पना.

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. व्यंकटेशनी आपला कप खाली ठेवला. "बरोबर बोलले सर," ते कुणाकडंच न बघता म्हणाले. "किती दिवस असं गप बसून चहा प्यायचा? वकिलाला सांगतो आजच." आणि चपला घालून निघाले.

मामा उठले, लुंगी सावरत भावाच्या पुढं धावले आणि फाटकाची कडी लावून तिच्यावर हात ठेवून उभे राहिले.

"घंटा झाली न्हाय अजून," ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की मला तो त्यांचा वाटेना. "हे सर कोण घंटा देनारे? मी दिली का घंटा? मी न्हाय दिली."

व्यंकटेश मान खाली घालून उभे.

"कूर्चो रा, तम्मुडू," मामा म्हणाले.

मला तेलुगू येत नाही. पण 'बस रे, भावा' कळायला ते यावं लागत नाही.

व्यंकटेश वळले, ओट्यावर येऊन बसले आणि माझ्याकडं बघत पुटपुटले, "निवला चहा, बोलण्याबोलण्यात."

मामा स्वयंपाकघरात पळाले. आत एक पातेलं पडलं, मग दुसरं. आणि त्या खणखणाटातून मामांचा रडका आवाज आला, "आलो रा, आलो! उठू नको!"