आवक क्रमांक सहासष्ट

"दहा मिनिटांचं काम!" असं म्हणत जावयानं बाह्या सरसावल्या, तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. माझं ऐका, दहा मिनिटांचं काम म्हणणाऱ्या माणसाला पहिल्याच मिनिटाला चहा पाजून वाटेला लावावं! पण हा पडला जावई. त्याला वाटेला लावणार कोण?

जावई चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासायचा. पण कॉम्प्युटरचा विषय निघाला की आपल्याशिवाय जगाचं पान हलत नाही, अशी त्याची ठाम समजूत. आज तर बायकोच्या नोकरीचा प्रश्न होता. चार वाजता तिची ग्रंथालयातल्या जागेसाठी मुलाखत होती, घरबसल्या, कॅमेऱ्यासमोर. पाच वर्षांनी आलेली पहिली मुलाखत! घरचा लॅपटॉप नेमका दुरुस्तीला गेलेला, म्हणून ती वडिलांच्या कॉम्प्युटरच्या भरवशावर माहेरी आली होती. आणि त्या कॉम्प्युटरवर दर अर्ध्या मिनिटाला एक चौकट टपकत होती. 'अभिनंदन, तुम्ही जिंकलात!' 'धोका! सत्तावीस व्हायरस!' 'गुडघेदुखी विसरा!'

"बाबा, हे काय करून ठेवलंत?" जावयानं विचारलं.

"मी काय केलं? आलेल्या पत्रांना उत्तरं दिली," सासरेबुवा म्हणाले.

सासरेबुवांनी अडतीस वर्षं कचेरीत आवक-जावकचं टेबल सांभाळलं होतं. आलेला कागद नोंदवायचा, पोच द्यायची, उत्तराविना काही ठेवायचं नाही. गल्लीत त्यांचं नावच 'पोचपावती' पडलं होतं. आता पडद्यावर कुणी 'सूचना पाठवू का?' असं अदबीनं विचारतंय, तर नाही कसं म्हणायचं? त्यांनी चौसष्ट वेळा 'परवानगी द्या' दाबलं होतं. शिवाय प्रत्येकाची नोंद लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरमध्ये केली होती, तारीख-वारासकट.

"ते रजिस्टर ठेवा बाजूला. आता फक्त बघा!" जावई म्हणाला.

सगळे बघू लागले. त्यानं एक चौकट बंद केली, दोन उघडल्या. दोन बंद केल्या, पाच उघडल्या! मग त्यानं पॉप-अप घालवणारा एक फुकटचा प्रोग्राम शोधला आणि भलंमोठं हिरवं बटण दाबलं. झालं! पडद्याच्या कोपऱ्यात एक झाडू नाचायला लागला आणि भोंगा वाजू लागला. 'कॉम्प्युटर बंद करू नका! ताबडतोब या नंबरवर फोन करा!'

"हे नवीन आहे. आधी नव्हतं," सासरेबुवा बारकाईनं बघत म्हणाले.

"आधी... आधी जरा वाढतं, मग कमी होतं," जावई म्हणाला. त्याला स्वतःलाच काही कळत नव्हतं.

दोन वाजले. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून सासरेबुवांचा आवाज आला. अरे देवा! त्यांनी त्या नंबरवर फोन लावला होता!

"साहेब, मी सांगतो ते बटण दाबा," फोनमधला माणूस म्हणत होता.

"आधी तुमचा जावक क्रमांक सांगा."

"कसला क्रमांक?"

"तुमच्या सूचनेवर क्रमांक नाही, तारीख नाही, सही नाही. तोंडी सूचना आम्ही घेत नाही. रीतसर अर्ज करा, दोन प्रतींत."

"साहेब, तुमचा कॉम्प्युटर जळेल हो!"

"मग तसं लेखी द्या."

वीस मिनिटांनी त्या माणसानंच फोन आपटला. "काय उद्धट लोक! साधी पोचसुद्धा दिली नाही," सासरेबुवा म्हणाले.

तीन वाजता बायको दारात आली. "अहो, होणार नसेल तर स्पष्ट सांगा. मी ग्रंथालयाला फोन करून नकार कळवते." बोलताना तिचा आवाज कापला. आता जावयानं कुणाच्या तोंडाकडे बघायचं? म्हणून त्यानं खाली बघितलं, तर समोर लाल रजिस्टर! कुठल्या साइटला कधी परवानगी दिली, सगळं मोत्यासारख्या अक्षरात.

त्यानं सेटिंगमधली परवानग्यांची यादी उघडली.

"वाचा, बाबा!"

"आवक क्रमांक एक. हवामान."

"रद्द!"

"आवक क्रमांक दोन. गुडघे."

"रद्द!"

चौसष्ट रद्द झाले, तो फुकटचा प्रोग्राम काढून टाकल्यावर झाडूही गेला. पावणेचारला पडदा लख्ख! जावयाची छाती पुन्हा फुगली. "आता लक्षात ठेवा, बाबा. पडद्यानं काहीही विचारलं की 'नको' म्हणायचं. डोळे मिटून नको!" असं बजावून तो विजयाचा चहा प्यायला स्वयंपाकघरात गेला.

चार वाजले. पडद्यावर मुलाखत घेणारे तिघे दिसले. "मॅडम, आहात का?"

"आहे ना!" बायको म्हणाली.

"मॅडम, दिसत नाही. ऐकूही येत नाही."

"आहे, आहे!" ती ओरडली. जावई धावत आला. त्यानं वायरी दाबल्या, खिशातलं चष्म्याचं फडकं काढून कॅमेरा पुसला, पुन्हा वायरी दाबल्या. काही नाही!

"पाच मिनिटं थांबतो, मग पुढच्या उमेदवाराला घेतो," पडद्यातून आवाज आला. बायकोच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

सासरेबुवांनी घसा खाकरला. "आवक क्रमांक पासष्ट."

"बाबा, आत्ता नको हो!"

"विषय, कॅमेरा आणि माइक वापरू का. वेळ, तीन अठ्ठावन्न. पोरगी टिपणं चाळत होती, तेव्हा विचारणा आली. जावईबापूंच्या आदेशानुसार नामंजूर."

जावयाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. यादी कुठे होती, तेही त्याला आठवेना! "सरका," म्हणत सासरेबुवा खुर्चीत बसले. चौसष्ट वेळा बघितलेलं, ते कशाला विसरतायत? यादी उघडली, टिचकी मारली. "फेरविचारांती मंजूर!" आणि बायकोचा चेहरा पडद्यावर झळकला.

संध्याकाळी फोन आला. नोकरी मिळाली! बायको रडली, हसली आणि आधी वडिलांच्या पाया पडली.

"म्हणजे शेवटी काम झालंच की," जावई हळूच म्हणाला.

सासरेबुवांनी रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं. शाई अजून ओली होती. 'आवक क्रमांक सहासष्ट. विषय, दहा मिनिटांत कॉम्प्युटर दुरुस्त. प्रेषक, जावई. शेरा, न बोलावता समोर आले. बंद करूनही बंद होत नव्हते. जाहिरात दिशाभूल करणारी.'

शेवटचा रकाना पोच मिळाल्याच्या सहीचा होता. जावयानं पेन उचललं आणि सही केली.