सेरवामावशीच्या श्रद्धांजलीतला ड्रॅगन

माणूस जिवंत असेपर्यंत त्याच्या स्वभावाबद्दल दोन मतं असू शकतात. मेल्यावर ही सोय राहत नाही. कुमासी शहराने या बाबतीत फारच प्रगती केलेली आहे. तिथे वारलेला प्रत्येक माणूस देवभीरू, कष्टाळू, शिस्तप्रिय, दानशूर व शांतताप्रिय असतो, आणि तसं रंगीत फोटोसह छापील पुस्तिकेत जाहीर केलं जातं. गेल्या पिढीभरात त्या शहरात एकही आळशी माणूस वारल्याचं आढळत नाही. (आळशी माणसं अमर असतात असा याचा अर्थ निघतो, आणि कुठल्याही सरकारी कचेरीत चक्कर मारली की तो पटतोही.)

पुस्तिकेची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. म्हातारं माणूस गेलं असेल तर वर मथळा येतो, 'देवाघरचं बोलावणं'. तरुण गेलं असेल तर, 'केवढा हा धक्का'. मधल्या वयात गेलेल्यांची पंचाईत होते, म्हणून त्या वयात शक्यतो कुणी जाऊ नये. आत आधी घराण्याची श्रद्धांजली, मग मुलांची, मग सुना-जावयांची, मग चर्चच्या महिला मंडळाची. इतक्या निरनिराळ्या लोकांनी लिहूनही सगळ्या श्रद्धांजल्या शब्दाला शब्द सारख्या निघतात, याला सामाजिक एकोपा म्हणतात. पुस्तिका छापून आल्याशिवाय माणसाला पुरत नाहीत. तोवर ते शवागाराच्या थंडाव्यात वाट बघतं, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. घराण्याला मांडव, बँड, कापड ठरवायला आणि यावरून भांडायला थोडा वेळ लागतोच.

सेरवामावशी गेली तेव्हा घराण्याचे प्रमुख नाना आमोआको यांनी बैठक घेतली आणि श्रद्धांजलीचं काम याव ओडुरोकडे दिलं. याव लेखक होता. त्याने फार वर्षांपूर्वी एक कादंबरी लिहिली होती आणि ज्यांना ती फुकट मिळाली त्यांनी तिची स्तुती केली होती. शिवाय तो सेरवामावशीच्या हातचा वाढलेला. आई लहानपणी गेली, मावशीने उचलून आणला आणि बंटामा भागातल्या आपल्या खानावळीत एका उलट्या पातेल्यावर बसवला. तिथे बसून तो शिकला, जेवला, मोठा झाला.

"याव, दोन पानं," नाना म्हणाले. "फार विचार करू नकोस. तू विचार केलास की लांबतं."

यावने कागद घेतला आणि लिहिलं, 'सेरवामावशी ही'. इथे त्याचं लिखाण अडलं.

लिखाण अडणं हा दुखण्यांमधला एक अत्यंत प्रतिष्ठित प्रकार आहे. गवंड्याची भिंत अडली तर त्याला कामचुकार म्हणतात. लेखकाचं वाक्य अडलं तर घरात सगळे हळू बोलतात. या दुखण्यावर उपायही पुष्कळ आहेत, आणि यावने ते मनापासून केले. पाद्रीबुवांनी उपास सांगितला. शेजाऱ्याने आल्याचा रस सांगितला. एका जुन्या संपादकाने सांगितलं, रोज एकाच वेळी टेबलाशी बसत जा, शब्द आपोआप येतील. याव रोज एकाच वेळी बसत गेला. त्याची बैठक उत्तम जमली.

खरी अडचण वेगळीच होती, आणि ती नानांना सांगण्यासारखी नव्हती. मावशी शांतताप्रिय नव्हती. गल्लीतल्या एकूण एक माणसाशी तिचं भांडण झालेलं होतं, काहींशी तर दोन दोन पिढ्यांचं. देवाला ती भीत असे, पण देवही जरा जपून असावा. याव तिच्यावर जीव टाकत होता. त्याला असं काहीतरी लिहायचं होतं की वाचताना ती मागच्या रांगेत हात पुसत उभी आहे असं वाटावं. आणि हात मात्र दर वेळी 'देवभीरू' कडेच वळत होता. मावशी आपल्या हातून दुसऱ्यांदा मरेल अशी त्याला भीती वाटत होती, आणि ती भीती खरी होती.

अशा अवस्थेत माणूस वाचनाकडे वळतो. आदुमच्या बाजारात फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याला एका विनोदी जादूकथांच्या मालिकेचा पहिला भाग मिळाला. मालिकेचं नाव 'डोंगरापलीकडची खानावळ'. ओग्विना नावाची एक राक्षसीण खानावळ चालवते आणि पराक्रमावर निघालेले राजपुत्र तिच्याकडे उधारीवर जेवतात, एवढीच कथा. ही मालिका इतकी लांब होती की हिच्या लेखकाचं लिखाण उभ्या जन्मात कधी अडलं नसणार. यावला त्या माणसाचा संताप आला, आणि दुसऱ्या दिवशी तो जाऊन पुढचे तीन भाग घेऊन आला.

बायको आबेना दारात येऊन उभी राहिली. "श्रद्धांजली झाली का?"

"अभ्यास चाललाय."

"अभ्यास करताना एवढं खिदळायला होतं?"

"संदर्भग्रंथ आहे हा."

"मुखपृष्ठावर डुक्कर पोहतंय संदर्भग्रंथाच्या," आबेना म्हणाली आणि निघून गेली.

नानांचा फोन यायचा. "याव, बाई तिकडे बर्फात पडल्यात. तुझं कुठवर आलं?"

"सुरुवात झाली, नाना." (हे खरं होतं. 'ही' पर्यंत आलं होतं.)

याव भागामागून भाग वाचत गेला. श्रद्धांजलीची बोच मनात असल्यामुळे पुस्तकं जास्तच गोड लागत होती. शेवटच्या भागात ओग्विना मेली. यावने पुस्तक छातीवर ठेवलं आणि हमसून हमसून रडला. मावशी गेली तेव्हा तो रडला नव्हता, कारण तेव्हा त्याच्याकडे भाड्याच्या खुर्च्यांचं काम होतं.

मग तो उठला, टेबलाशी बसला आणि एका दुपारी, एकही शब्द न खोडता, ओग्विनाची श्रद्धांजली लिहून काढली. वर ठळक अक्षरात 'श्रद्धांजली' असं लिहिलं. जे कुणी मागितलेलं नसतं ते लिहायला लेखकाला कधीच अडचण येत नाही, हे साहित्याचं जुनं दुखणं आहे. हात मोकळा झाला, आता मावशीचंही होईल, असं म्हणून तो समाधानाने आडवा झाला आणि घोरू लागला.

तेवढ्यात पुस्तिका छापणारा क्वान्सा आला. नानांनी त्याला सकाळपासून तीनदा झापलं होतं. "वहिनी, मजकूर तयार असेल तर द्या, नाहीतर मला तरी त्या शवागारात जागा बघा." आबेनाने टेबलावरचे कागद बघितले, वरचा शब्द वाचला, आणि देवाचे आभार मानून ते त्याच्या हातात दिले.

क्वान्साच्या छापखान्याचा एक पक्का नियम होता: मजकूर वाचायचा नाही. बहुतेक घराणी मागच्या वर्षीची एखादी पुस्तिका आणून देतात आणि तोंडी सांगतात की फक्त नाव बदला. म्हणून क्वान्सा मजकुरातलं नाव शोधी आणि तिथे फोटोतल्या माणसाचं नाव बसवी. या पद्धतीने त्याने शेकडो माणसांना बिनचूक स्वर्गात पोहोचवलं होतं. त्याने 'ओग्विना' शोधलं, सगळीकडे 'सेरवा' घातलं आणि छपाई सुरू केली. संध्याकाळी त्याने यावला फोन करून सांगितलं, "मजकूर मिळाला, छपाई चालू आहे." यावला वाटलं, वाट बघून कंटाळून नानांनी कुणाचीतरी जुनी श्रद्धांजली दिली. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची रात्रभर लाज वाटत राहिली.

शनिवारी चर्च सुतकाच्या काळ्या-लाल कापडांनी भरून गेलं. घराण्याची श्रद्धांजली वाचायला यावला पुढे बोलावलं. त्याने तिथे पुस्तिका पहिल्यांदा उघडली. ओग्विनावरचा त्याचाच मजकूर होता, नाव तेवढं मावशीचं. बदलून वाचावं म्हटलं तर ती सोय नव्हती. कुमासीत श्रद्धांजली नुसती ऐकत नाहीत, प्रत्येकजण आपल्या पुस्तिकेत ओळीखाली बोट धरून ताडून बघतो, आणि शब्द गाळला तर मागून आठवण करून देतात. चारशे बोटं पहिल्या ओळीवर येऊन थांबली होती.

याव वाचू लागला.

"सेरवा कुणाला भीत नसे. राजा उधारीवर जेवायला आला, तेव्हा तिने त्याला आधी भांडी घासायला बसवलं."

तिसऱ्या रांगेतले एक माजी लोकप्रतिनिधी आपल्या बुटांकडे बघू लागले.

"तिच्या शिव्या डोंगराच्या पलीकडे ऐकू जात, आणि उपाशी माणसं त्या आवाजाच्या रोखाने वाट काढत येत."

"हे खरंय," मागून एक बाई म्हणाली. "मी तशीच आले होते."

"चाळीस वर्षं तिच्या चुलीपाशी एक ड्रॅगन पडून असे." याव इथे अडला. पण बोटं थांबून राहिली होती, तेव्हा तो पुढे गेला. "तो नुसता धूर सोडी. काम कवडीचं करत नसे. प्रत्येक जेवणाला नावं ठेवी आणि दोनदा वाढून घेई. सेरवा त्याला रोज हाकलून देई, आणि रोज पहिलं ताट त्याचंच वाढी."

सगळं चर्च वळून पहिल्या रांगेत बसलेल्या बोआतेंगकाकांकडे बघू लागलं. बोआतेंगकाका म्हणजे मावशीचे यजमान. आयुष्यभर चिलीम ओढत चुलीपाशी बसलेला माणूस. नानांनी डोळे मिटून घेतले. काकांनी नाक पुसलं.

"दोनदा नाही," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तीनदा."

मग ते रडायला लागले, आणि त्यांच्यामागे सगळं चर्च.

याव शेवटच्या परिच्छेदावर आला. "मृत्यू तिच्या दारात तिसऱ्यांदा आला, तेव्हा काही न बोलता तिच्या शेजारी कांदे चिरायला बसला. ती म्हणाली, थांब, एवढी पंगत उठू दे." इथे त्याला पुढचं दिसेना. हे आपण कुणावर लिहिलं होतं ते त्याला वाचता वाचता कळलं. उलट्या पातेल्यावर बसलेलं एक पोर त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. उरलेली ओळ लोकांनीच मोठ्याने वाचून पुरी केली.

बाहेर आल्यावर नानांनी त्याला मांडवाच्या कडेला घेतलं. "ड्रॅगन कुणाला विचारून घातलास?"

"चूक झाली, नाना."

"पुढच्या महिन्यात माझ्या मेव्हण्यांचं आहे," नाना म्हणाले. "मोठा ड्रॅगन घाल. माणूस नेहमीचा नव्हता तो."

त्यानंतर कुमासीत ड्रॅगनशिवाय कुणी मरेनासं झालं. एका निवृत्त हेडमास्तरांना दोन मिळाले. कर खात्यातल्या एका अधिकाऱ्याच्या कुटुंबाने तर बिनधुराचा मागितला, साहेबांना दमा होता म्हणून. महिला मंडळाने ठराव केला की ड्रॅगन देवभीरू असावा. क्वान्साने त्याचं चित्र आणून ठेवलं आणि फक्त नावं बदलू लागला, व वर्षाच्या आत सगळे ड्रॅगन कष्टाळू, शिस्तप्रिय व शांतताप्रिय झाले. समाजाने ही सुधारणा किती शांतपणे पचवली याचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे.

यावकडे लोक अजून येतात. तो त्यांना एवढंच विचारतो, की तुमचे वडील, तुमची आत्या, खरी कशी होती? एखादी गोष्ट सांगा, तिचीच, दुसऱ्या कुणाची न होणारी. माणसं छताकडे बघतात. घसा साफ करतात. "म्हणजे बघा, स्वभावाने..." म्हणतात, आणि तिथेच अडतात. याव त्यांना आल्याचा रस देतो.

आपण हसलात, हे चांगलंच झालं. आता एक काम करा. आपल्या घरातलं सगळ्यात जुनं माणूस डोळ्यांपुढे आणा आणि त्याच्याबद्दल एक वाक्य लिहा. 'प्रेमळ' हा शब्द वापरायचा नाही. 'आमच्यासाठी खूप खस्ता खाल्ल्या' हेही चालणार नाही. एकच वाक्य, बाकी कुणालाही लागू न पडणारं.

सावकाश लिहा. अडलं तर शेजारच्या खोलीत जाऊन बघून या, ते माणूस अजून आहे.