खुडूक कोंबडीची सरकारी नोंद

सन १९६४च्या जानेवारीत, दिग्रसजवळच्या तांड्यावर, बसंतीबाईची कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली आणि शासनाला ते आवडले नाही.

कारण त्याच आठवड्यात कुक्कुट वंशसुधार योजना सुरू झाली होती. विस्तार अधिकारी धानोरकर यांनी परिपत्रक वाचून दाखवले: अंडी देण्याचे सोडून अंड्यांवर बसून राहणे हा आनुवंशिक दोष असून तो आईकडून लेकीत उतरतो. विलायती लेगहॉर्न कोंबडी अंडे देते आणि उठून जाते. सबब बसणाऱ्या सर्व गावठी कोंबड्या सात दिवसांत नष्ट कराव्यात.

"साहेब, ते बसली नाही त पिल्लं कशी निघतीन?" बसंतीबाईने विचारले.

"यंत्रातून."

यंत्र आले. ते विजेवर चालणारे होते. वीज यायची होती. खांबांचा अर्ज यवतमाळला पोचला होता. लेगहॉर्नची बारा सरकारी अंडी मात्र वेळेवर आली, आणि अंड्यांना 'कार्यवाही चालू आहे' असे कळवता येत नाही. धानोरकर घामाघूम होऊन बसंतीबाईच्या दारात उभे राहिले. अंडी नासली असती तर त्यांच्या बढतीलाही तोच वास लागला असता.

"बाई, एवढी ठेवा तुमच्या कोंबडीखाली."

"तिले त तुमी उद्या मारून राह्यले ना?"

साहेबांनी डोके खाजवले. आदेश रद्द करणे त्यांच्या अधिकारात नव्हते. पण आदेश फक्त कोंबड्यांना लागू होता. त्यांनी रजिस्टर उघडून लिहिले: उबवणी यंत्र क्र. १, देशी बनावटीचे, इंधन ज्वारी. कोंबडी वाचली म्हणून बसंतीबाईला इतका आनंद झाला, की तिने साहेबांना गुळाचा चहा पाजला.

एकविसाव्या दिवशी बाराही पिल्ले बाहेर आली. जिल्ह्याचे मोठे साहेब जीप घेऊन पाहणीला आले. त्यांनी हात घालताच यंत्राने कडकडून चोच मारली.

"हे चावतं?"

"सुरक्षेची सोय आहे, सर."

मोठे साहेब एवढे खूश झाले, की त्यांनी यंत्र तिथल्या तिथे आर्णीकडच्या एका खेड्यात हलवण्याचा हुकूम दिला.

"अवो साहेब, मायी कोंबडी कायले नेता? पिल्लं मरतीन ना!"

"बाई, ती कोंबडी नाही," धानोरकर हळूच म्हणाले. "कोंबडी असती तर मारावी लागली असती."

जीप गेली. थंडीने पिल्ले चिवचिवू लागली. बसंतीबाईने ती ओटीत घेतली, वरून ओढणी पांघरली आणि भिंतीला टेकून बसली. चूल विझली तरी ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी धानोरकर आले. बाराही पिल्ले जिवंत पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मग त्यांनी रजिस्टर उघडले आणि अत्यंत आदराने लिहिले: यंत्र क्र. २.

हसलात? हसा खुशाल. तीन वर्षांपूर्वी, एकसष्ट साली, शिरगणतीवाला तुमच्याही दारात आला होता. घरातली बाई आत चुलीशी होती, कडेवर पोर होते. तिच्या धंद्याच्या रकान्यात काय लिहू, असे त्याने विचारले, तेव्हा तुम्हीच बसल्या जागेवरून सांगितले होते, "काही नाही."