एकशे बत्तीस पुस्तकांचा वधूपिता

"तुमच्याकडे बोटाला थुंकी लावून पान उलटणारं कोणी आहे का?"

रविवारी सकाळी दार उघडल्या उघडल्या टिपणीसकाकांनी मला हे विचारलं. मी "या, बसा" म्हणेपर्यंत ते हॉलच्या भिंतीला तळवा लावून उभेही राहिले होते. ओल बघत होते म्हणे. मग दुपारचं ऊन कुठपर्यंत येतं ते विचारलं, कपाटात डोकं घालून वास घेतला आणि हातातल्या डायरीत काहीतरी टिपलं. माझ्या सासूबाई खुर्चीत बसून पोथी वाचत होत्या. नेमकं त्याच क्षणी त्यांनी बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं.

काकांनी डायरी मिटली. "स्थळ चांगलं होतं," ते खिन्नपणे म्हणाले, "पण घरात सासू आहे."

आता हे स्थळ कोणासाठी, तर फोटोंच्या पुस्तकांसाठी. पण ते सांगायचं तर आधी काका सांगायला हवेत.

टिपणीसकाका आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. डोंबिवलीतली आमची 'शुभदा' म्हणजे तीन मजले, बारा बिऱ्हाडं, आणि लिफ्ट नाही म्हणून सगळ्यांचे गुडघे एकाच डॉक्टरकडे. काकांनी चाळीस वर्षं एका मोठ्या छापखान्यात ऑफसेट मशीनवर रंग जुळवायचं काम केलं. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं छापली आणि रिटायर झाल्यावर स्वतः जमवायला लागले. तीही फक्त फोटोंची आणि चित्रांची. "अक्षरं काय, कुठेही छापून मिळतात," असं म्हणून त्यांनी एका वाक्यात साहित्याचा निकाल लावला होता. काकू आठ वर्षांपूर्वी गेल्या. मूलबाळ नाही. घरात काका, एक भिंग आणि एकशे बत्तीस जाडजूड पुस्तकं.

"काळा बघा, काळा!" हे त्यांचं पालुपद. फोटोंचं पुस्तक घ्यायचं तर फोटोग्राफरचं नाव बघायचं नाही, फोटोतला काळा रंग बघायचा. तो राखाडी दिसला तर पुस्तक जागच्या जागी ठेवून चालू पडायचं. पण त्या काळ्यात बघता बघता आत आणखी काही दिसायला लागलं, तर अजिबात सोडायचं नाही. दुसरी परीक्षा घडीची. दोन पानांवर पसरलेल्या फोटोत कोणाचं नाक मधल्या शिवणीत गेलंय का ते बघायचं. "ज्या प्रकाशकाला माणसाचं नाक सांभाळता येत नाही, तो पुस्तक काय सांभाळणार?" तिसरी परीक्षा वासाची. ती ते रद्दीच्या दुकानासमोर भर रस्त्यावर उभं राहून घ्यायचे. त्यांना पुस्तकात तोंड खुपसलेलं बघून एकदा एका बाईंनी त्यांना पाणी आणून दिलं होतं. चक्कर आली असं वाटलं त्यांना.

छापखान्यातून माणूस रिटायर झाला तरी छापखाना माणसातून रिटायर होत नाही. जिन्यात कोणी जरा तिरसटपणे बोललं, की काका मला हळूच सांगत, "याचं रजिस्टर हललंय." चार रंग एकावर एक नीट बसले नाहीत, की छपाईत सगळं डबल दिसतं, त्याला ते रजिस्टर हलणं म्हणायचे. माझ्या नवऱ्याने, म्हणजे मिलिंदने, पहिल्यांदा केसांना कलप लावला तेव्हा काकांनी त्याला खिडकीच्या उजेडात उभं केलं, डोक्यावर भिंग धरलं आणि निकाल दिला: "काळा बसलाय. पण कानामागे मॅजेंटा वर आलाय."

"काका, डाय आहे तो, छपाई नाही," मिलिंद म्हणाला.

"म्हणूनच माफ करतोय," काका म्हणाले.

याच मिलिंदने एकदा उगाच, बोलायला विषय हवा म्हणून विचारलं, "काका, मला अशी पुस्तकं जमवायची तर सुरुवात कुठून करू?" बस्स. पुढच्या दोन तासांत आमचा चहा दोनदा गार झाला. "पहिलं पुस्तक माणसांचं घ्यायचं," काका म्हणाले. "दुसरं जागांचं. तिसरं असं घ्यायचं, की आत काय चाललंय ते आपल्याला काही म्हणजे काही कळत नाही."

"मग ते कशाला घ्यायचं?"

"दहा वर्षांनी कळतं. मग वाटतं, बरं झालं घेतलं."

त्यांच्याकडे असं एक होतं. नुसत्या बंद दारांचे फोटो. मी चार वर्षांत दोनदा बघितलं, दोन्ही वेळा मला कुरिअरवाल्याची आठवण झाली. काका म्हणाले, "अजून सहा वर्षं आहेत तुझी."

तर अशा आमच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट ठरलं. दहा वर्षं चर्चा चाललेली, कोणाचाच विश्वास नव्हता, आणि अचानक एके दिवशी घरं रिकामी करायची तारीख आली. तीन वर्षं सगळ्यांनी भाड्याने राहायचं, मग नव्या इमारतीत परत यायचं. कोणी कल्याणला जागा बघितली, कोणी ठाण्याला. आम्हाला कोपरला मिळाली. जागा सोडायच्या कागदावर अकरा सह्या झाल्या. बारावी टिपणीसकाकांची. ती काही केल्या होईना.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये काका उभे राहिले. "मला दिवा स्टेशनजवळ एवढीशी खोली मिळाल्ये," ते म्हणाले. "पाय पसरायचे तर दार उघडावं लागतं. माझी एकशे बत्तीस पुस्तकं जाणार कुठे? आधी त्यांची सोय, मग माझी सही."

"गोडाऊनमध्ये ठेवा की," कोणीतरी म्हणालं.

"मुलगी कोणी गोडाऊनमध्ये ठेवतं का?"

सही झाली नाही तर काम अडणार, काम अडलं तर बिल्डरचं मन फिरणार, अशी सगळ्यांना भीती. शेवटी ठराव झाला, की प्रत्येक घराने बारा-बारा पुस्तकं तीन वर्षं सांभाळायची. इतक्या झटपट एकमताने 'शुभदा'त काहीच कधी ठरलं नव्हतं, पाण्याची टाकी धुण्याचा दिवससुद्धा नाही.

पण ठराव झाला म्हणून काका पुस्तकं वाटत सुटतील? स्थळ बघितल्याशिवाय मुलगी देणाऱ्यातले ते नव्हेत. पंधरा दिवस ते डायरी घेऊन हिंडत होते. जुनं घर बघून झालं की "नवीन जागा दाखवा" म्हणत आणि लोकांच्या भाड्याच्या घरी आधी हेच पोचत. तळमजल्याच्या सावंतांचं नि अख्ख्या इमारतीचं पार्किंगवरून वाकडं होतं. त्यांना काकांनी वाळवंटाच्या फोटोंचं भलंमोठं पुस्तक दिलं.

"काकानू, ह्यां खंय ठेवतलंय, माझ्या डोक्यार?" सावंत म्हणाले. "आणि वाळवंट कशाक? समुद्राचा नाय काय?"

"समुद्राचं दिलं तर तुम्ही बघणार नाही. म्हणाल, यापेक्षा आमचा वेंगुर्ल्याचा चांगला," काका म्हणाले. "हे घ्या. रोज एवढी मोकळी जागा बघितलीत, की पार्किंगवरून भांडणं कमी होतील."

आणि खरंच, पुढे कल्याणला गेल्यावर सावंतांनी मला फोन करून सांगितलं, की नवीन सोसायटीत त्यांचं अजून एकही भांडण झालेलं नाही. वाळवंटामुळे की गाडी विकल्यामुळे, ते मी विचारलं नाही.

आमचं स्थळ मात्र सासूबाईंच्या जिभेवर अडलेलं. शेवटी काकांनी त्यांनाच शिकवायला घेतलं. "वहिनी, पुरणपोळी उलटताना तुम्ही बोटाने ओढता का? वरच्या कोपऱ्यातून उचलायचं, खाली अख्खा तळवा घालायचा आणि अलगद पलीकडे टेकवायचं." पुरणपोळी म्हटल्यावर सासूबाईंना एका झटक्यात जमलं. मग आम्हाला बारा पुस्तकं मिळाली. त्यातलं सगळ्यात देखणं, डोंगरातल्या म्हाताऱ्या बायकांच्या चेहऱ्यांचं, काकांनी स्वतः सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. आठवड्याभरात सासूबाईंनी त्या सगळ्या बायकांना नावं दिली. एक यमूआक्का झाली, एक पेणची मामी, आणि नाक मुरडून बघणारी एक माझी आई.

काकांनी सही केली. जाताना सगळ्यांना बजावलं, "गुळगुळीत आर्ट पेपर आहे. दमट हवेत पानं एकमेकांना चिकटतात. महिन्यातून एकदा प्रत्येक पान उलटायला हवं. तुम्हाला जमायचं नाही, मी येईन."

आणि ते यायला लागले. महिन्याचा पहिला रविवार आमचा. दहाच्या ठोक्याला बेल. हात धुवायचे, स्वतःच्या नॅपकिनने कोरडे करायचे, आणि पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरुवात. सासूबाई शेजारी बसून "मामींना भेटू द्या आधी" म्हणायच्या. पानं उलटता उलटता बाकीच्या दहा घरांच्या बातम्या कळायच्या. कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुपारी जेवून काका निघायचे. दर महिन्याला हा माणूस दिव्याहून अकरा घरी जातो, तेही फक्त पानं उलटायला, याची आम्ही थोडी थट्टाही करायचो. मिलिंद म्हणायचा, वधूपिता फेरीवर निघाला.

सातव्या महिन्यात पहिल्या रविवारी बेल वाजली नाही. साडेदहाला फोन आला. "अगं सुनीता, पाय मुरगळलाय. वहिनी तेवढी पानं उलटतील का?"

"पानं मी उलटीन," सासूबाई मला म्हणाल्या, "तू आधी जाऊन ये. एकटा माणूस, चहा तरी कोण देतंय?" आणि त्यांनी मुगाची खिचडी नि कढी डब्यात भरून दिली.

पत्ता विचारत विचारत गेले. नवीन इमारत, जिन्यात पाण्याची पिंपं. दार उघडंच होतं. आत मी पाऊल टाकलं आणि मला वाटलं घर चुकलं. चांगला मोठा हॉल होता. पलीकडे आणखी एक खोली, तीही ऐसपैस. हॉलमध्ये एक कॉट, त्यावर पाय उशीवर ठेवून काका. बाकी सगळं मोकळं. माझा स्वतःचा आवाज मला घुमून ऐकू आला.

"अगं, तू कशाला आलीस एवढ्या लांब?" काका गडबडीने उठायला लागले.

"पडून राहा. ताटं कुठे आहेत?" असं म्हणत मी भिंतीतलं कपाट उघडलं. जमिनीपासून छतापर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडी कपाट होतं. पहिलं दार उघडलं, रिकामं. दुसरं, रिकामं. तिसऱ्यात दोन ताटं आणि एक पातेलं. एकशे बत्तीसच काय, तीनशे पुस्तकं बसली असती.

मला आधी रागच आला. अकरा घरांना यांनी सही अडवून वेठीला धरलं होतं. आमच्या पलंगाखाली पुस्तकं, टीव्हीखाली पुस्तकं, आणि इथे कपाटं रिकामी!

"काका, हे काय?"

ते म्हणाले, "घरमालकाचं आहे ते कपाट."

"ते दिसतंय."

काका मुरगळलेल्या पायाकडे बघत राहिले. "रिटायर झालो ना," ते म्हणाले, "तेव्हा प्रेसमधले सगळे म्हणाले, भेटत राहू. मी पण म्हणालो. खरंच वाटत होतं सगळ्यांना. पण कोणाचं कोणाकडे काही काम नव्हतं गं. नुसतं 'सहज आलो' म्हणून किती वेळा जाणार? दोनदा गेलो, तिसऱ्यांदा लाज वाटली." मग म्हणाले, "काकू गेल्यावर तर तुम्हीच होतात. तुम्ही सगळे अकरा दिशांना जाणार म्हटल्यावर... पुस्तकं इथे आणली असती तर मी इथेच बसलो असतो ना."

माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी खिचडी वाढायला घेतली. आम्ही ज्याची थट्टा करत होतो तो माणूस दर महिन्याला आमच्या दारात यायला एक कारण घेऊन येत होता, आणि ते कारणही आम्हाला सांभाळायला जड होऊ नये म्हणून प्रत्येकाची आवड बघून दिलेलं.

काका जेवत होते. मी म्हटलं, "काका, एक सांगायचं राहिलंच. आमच्याकडे पानं चिकटायला लागलीत. महिन्यातून एकदा पुरत नाही."

काकांचा घास हातात राहिला. चाळीस वर्षं कागद हाताळलेला माणूस. कुठली पानं चिकटतात आणि कुठली चिकटत नाहीत, हे त्यांच्याइतकं डोंबिवलीत कोणाला कळत नसेल.

"किती चिकटलीत?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी यायला लागेल."

"हं," काका म्हणाले. मग कढीचा भुरका मारून म्हणाले, "सावंतांना पण विचारून बघ. त्यांच्याकडेही चिकटली असतील."