दोन ड्रायव्हर आणि एक रजिस्टर

खरं म्हणजे भुजंगरावांना कॉम्प्युटरमध्ये एकच ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारा भाग, बसवायचं होतं. तेवढं बसवून ते गप्प राहिले असते, तर काहीच बिघडलं नसतं. पण भुजंगरावांना जिज्ञासा सुटायची ती खाज सुटल्यासारखी, नेमकी नको त्या वेळी.

अहमदपुरात एका सरकारी कचेरीत ते आवक-जावक क्लार्क. घरच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स. (ते का, असं विचारलं की ऐकणाऱ्याचा पाऊण तास जायचा, म्हणून हल्ली कुणी विचारत नव्हतं.) बायको वर्षाराणी ब्लाऊजवर आरी वर्क, म्हणजे आकड्याच्या सुईने भरतकाम, करायची. तिचा हातच असा, की लोह्याहून, तिच्या माहेरून, बायका ब्लाऊज पाठवायच्या. लातूरच्या एका प्रशिक्षण संस्थेला शिक्षिका हवी होती. रविवारी अकराला ऑनलाइन मुलाखत. नमुने कॉम्प्युटरवर मोठे करून दाखवायचे, फोन चालणार नाही, अशी अट. लग्नाला बारा वर्षं झाली, पण वर्षाराणीने स्वतःसाठी काही मागितलं ते हे पहिल्यांदाच.

"अहो, फोटो मोठा केला की तुमची मशीन अडकती. रविवारपस्तोर नीट होईल ना?"

"अगं, नवं कार्ड मागवलंय. तू फकस्त बघ."

कार्ड आलं आणि जिज्ञासा सुटली. या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाला कामाला लावणारा प्रोग्राम, कंपनीने बनवलेला. आत काय आहे ते कुणाला दाखवत नाहीत. दुसऱ्या एका कंपनीच्या कार्डाचा ड्रायव्हर उघडा, चार लोकांनी मिळून लिहिलेला, कुणीही वाचावा. लिनक्सवर यातला सरस कोणता? मेहुणा वीरेश लातूरला असायचा. त्याच्याकडे ते दुसरं कार्ड नवंकोरं पडून होतं.

"न्या की दाजी," वीरेश फोनवर म्हणाला. "पण प्लॅस्टिक काढू नका बरं, नवं हाय."

"मी काय येडा हाय का प्लॅस्टिक काढायला?"

हे त्यांना सांगायची गरजच नव्हती. भुजंगरावांच्या घरी फ्रिजला सहा वर्षं झाली होती, दारावरचं प्लॅस्टिक शाबूत. टीव्हीचा रिमोट पिशवीत. प्लॅस्टिक काढणं म्हणजे वस्तू आपल्या हाताने जुनी करणं, असं आई कस्तुराबाईंचं मत होतं, आणि घरात त्यांचंच मत चालायचं.

सोमवारी रजिस्टर उघडलं गेलं. रकाने आखले: अक्षर, रंग, खिडकी सरकवताना चित्र फाटते काय, मशीन झोपवल्यावर परत उठते काय, आणि शेवटी शेरा. (शेऱ्याचा रकाना नसेल तर भुजंगरावांना जेवण जात नसे.) एक दिवस पहिलं कार्ड, बंद ड्रायव्हर. एक दिवस वीरेशचं कार्ड, उघडा ड्रायव्हर. डोळे आपलेच नकोत म्हणून कस्तुराबाईंना समोर बसवलं.

"आई, कालच्यापेक्षा आज कसं दिसून राहिलं?"

"कालच्यावानीच की."

"नीट बघ. रंग जरा मऊ न्हाई वाटत?"

"तू म्हणतूस तर आसल बाबा. मला भाजी निवडू दे."

भुजंगरावांनी लिहिलं: 'रंग मऊ. स्वतंत्र साक्षीदाराची पुष्टी.'

वर्षाराणीने मधेच एकदा फोटो मोठा करून पाहिला. मशीन पूर्वीइतकीच अडकली. "ड्रायव्हर रुळायला येळ लागतो," भुजंगराव म्हणाले. हे त्यांनी तिथल्या तिथे शोधून काढलं होतं, पण बोलून झाल्यावर त्यांना ते पटलं.

शुक्रवारी निकाल लागला. उघडा ड्रायव्हर पन्नासपैकी अडतीस, बंद पस्तीस. अहवाल लिनक्सवाल्यांच्या ग्रुपवर पडला आणि कौतुकाचा पाऊस झाला. एकाने लिहिलं, उघड्या ड्रायव्हरच्या सावल्यांत जीव असतो. भुजंगरावांनी ते वर्षाराणीला दोनदा वाचून दाखवलं.

जिंकलेलं कार्ड मशीनमध्येच राहिलं. रविवारी सकाळी दहाला ग्रुपवरच्या कुणीतरी सल्ला दिला: मदरबोर्डाचं, म्हणजे मशीनमधल्या मुख्य बोर्डाचं, स्वतःचं जुनं ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, मग सगळं काम कार्डच करेल. भुजंगरावांनी बंद केलं. मशीन परत चालू केली. पंखे फिरले, दिवे लागले, आणि स्क्रीन काळी ती काळीच.

वीस मिनिटांत त्यांनी मशीन अकरा वेळा बंद-चालू केली. वीरेशला फोन करून "ड्रायव्हर धोका देऊन राहिला" असंही सांगून झालं. मागे वर्षाराणी नवी साडी नेसून, आरीची सुई हातात धरून उभी होती.

"आठ दिस तपासून राहिलाव तुम्ही," ती म्हणाली. "अन् माझ्या एका तासाला मशीन न्हाई?"

भुजंगरावांना आपल्या रजिस्टरची मनापासून लाज वाटली.

ती मशीनच्या मागे वाकली. "ही स्क्रीनची वायर कुठं लावली?"

"हितं, खाली बोर्डाला. पहिल्यापासून हितंच हाय."

"अन् कार्डाला ही भोकं हायत, त्यावर झाकणं कशाची?"

"प्लॅस्टिकची. ते नवं..." एवढं बोलून भुजंगराव थांबले. पुढचं वाक्य त्यांना स्वतःलाच ऐकायचं नव्हतं.

वर्षाराणीने सुईच्या टोकाने झाकण उचकटलं.

"अगं, वीरेशचं नवं हाय ते!"

"वीरेशला मी बघते." तिने वायर खालून उपसली, वर कार्डात खोचली. स्क्रीन लख्ख उजळली. अकराला आठ मिनिटं कमी होती.

म्हणजे आठवडाभर दोन्ही कार्डं नुसता पंख्याचा वारा घालत होती. दोन्हींवर झाकणं लावलेली, म्हणून वायर खाली बोर्डाला. चित्र दाखवत होतं ते बोर्डाचं जुनंच ग्राफिक्स. अडतीस त्यालाच, पस्तीसही त्यालाच.

मुलाखत झकास झाली. फोटो मोठा केला की टाका न् टाका दिसत होता, मशीन एकदाही अडकली नाही. लातूरच्या बाई म्हणाल्या, एक तारखेपासून या. वर्षाराणी हसत हसत रडली आणि सासूच्या पाया पडली. भुजंगरावांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी ते ग्रुपवर चूक कबूल करायला बसले. तोवर तेवीस जणांनी कळवलं होतं, की तीन गुणांचा हा फरक त्यांनाही स्पष्ट जाणवतो. भुजंगरावांना जरा धीर आला. नेमकं काय लिहावं म्हणून त्यांनी रजिस्टर उघडलं. शेऱ्याच्या रकान्यात वर्षाराणीच्या अक्षरात नवी नोंद होती:

'झाकण काढले. दोन्ही ड्रायव्हर निर्दोष. परीक्षक नापास.'

आणि खाली, वाकडीतिकडी पण ठसठशीत, स्वतंत्र साक्षीदाराची सही: कस्तुराबाई.