लांबहात्या आणि सपाट जागा

टेकडीवरच्या एकतीस घरांनी मिळून एक यंत्र घेतलं आणि त्या यंत्राला काही होऊ नये म्हणून एक समिती नेमली. इथपर्यंत कुणाचंच काही चुकलं नव्हतं.

यंत्राचं कागदावरचं नाव टेलिहँडलर. अंगाने आटोपशीर, अरुंद वाटेवरून सहज जाईल असं, पण पाठीवर एक लोखंडी हात. तो नळीतून नळी निघावी तसा सरकत सरकत वीस फूट पुढे जायचा. पुढे काटे लावले की दगड-ओंडके उचलायचे, खोरं लावलं की माती भरायची. टेकडीवर राहणाऱ्या माणसाची सगळी कामं एक तर वर असतात नाही तर खाली. बाजूला, समपातळीवर म्हणून एकही नसतं. त्यामुळे असा हात मिळाल्यावर लोक हरखून गेले. पहिल्याच दिवशी त्याचं नाव लांबहात्या पडलं.

यंत्र घ्यायचा घोशा मूळचा कंपाउंडरांचा. तीस वर्षं दवाखान्यात पुड्या बांधून ते निवृत्त झाले होते. त्यांच्या घरामागे डोंगराची माती अडवणारी एक दगडी भिंत होती, पुरुषभर उंच, आणि भिंतीपासून चार हातांवर स्वयंपाकघर. गेल्या वर्षी त्या भिंतीला पोट सुटलं. कंपाउंडरीणबाई रोज सकाळी चहाचं आधण ठेवताना खिडकीतून ते पोट बघायच्या.

"अहो, आज आणखी पुढे आलंय."

"येऊ दे. आता यंत्र आलंय."

"ते यंत्र बघून भिंत पोट आत घेणार आहे का?"

कंपाउंडर हसले. यंत्र मागणारा पहिला अर्ज त्यांचा होता. एक नंबर. दवाखान्यात जन्मभर दुसऱ्यांना नंबर देणाऱ्या माणसाला स्वतःचा एक नंबर यावा, याचं त्यांना भारी अप्रूप वाटत होतं.

घोडं अडलं ते माहितीपुस्तकामुळे. समितीचे अध्यक्ष शाळा-तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यात त्यांनी एकही छापील कागद अर्धवट वाचून सोडला नव्हता. यंत्राबरोबर आलेलं पुस्तक त्यांनी दोनदा वाचलं आणि चौदाव्या पानावर त्यांना एक वाक्य सापडलं : हात उचलण्यापूर्वी यंत्र सपाट उभे असल्याची खात्री करावी. चालकासमोर त्यासाठी एक इवलीशी पाणसळ बसवलेली होती; नळीतला बुडबुडा मधोमध आला की यंत्र सपाट. अध्यक्षांनी त्याच दिवशी ठराव लिहिला की यंत्राचा वापर फक्त सपाट जागेवरच करण्यात येईल. टेकडीवर सपाट जागा एकच होती, समितीच्या कचेरीपुढचं पटांगण. तिथे उचलण्यासारखं काहीच नव्हतं.

चालक हा साधा माणूस. तो कंपाउंडरांची भिंत बघून आला आणि म्हणाला, "साहेब, मागच्या वाटेवर एका अंगाला जरा खडी पसरतो. बुडबुडा मधे येतो की नाही बघा. मग तिथूनच हात लांबवायचा. सैल दगड काढून पुन्हा नीट रचायचे. दोन सकाळींचं काम आहे."

"खडी पसरून केलेली जागा सपाट असते की सपाट केलेली असते?" अध्यक्षांनी विचारलं.

चालक गोंधळला. "फरक काय पडतो?"

"तेच तर ठरवायचंय."

ते ठरवायला तीन जणांची उपसमिती नेमली. ती अजून बसते आहे.

दरम्यान पटांगणात यंत्र नुसतं उभं राहतंय हे बरं दिसत नव्हतं. तेव्हा अर्जाच्या नमुन्यात नववा रकाना घालण्यात आला : उचलावयाच्या वस्तूचा नमुना पटांगणात सादर करावा. कंपाउंडरांनी भिंतीतला एक दगड उपसला, गोणपाटात घालून खांद्यावर घेतला आणि अर्धा कोस चालून कचेरीपुढे आणून टाकला. लांबहात्याने तो उचलला, हवेत धरला, खाली ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कंपाउंडरांनीही वाजवल्या, पण एकाच हाताने मांडीवर, कारण दुसरा हात वर होत नव्हता.

"दगड उचलला गेला," अध्यक्ष म्हणाले, "पण एका दगडावरून भिंतीची कल्पना कशी येणार? प्रत्येक थरातला एक आणा."

थर अकरा होते. कंपाउंडरांनी अकरा दगड आणले. मग असं निघालं की काटे किती वजन पेलतील हे पुस्तकात दिलंय, पण भिंतीचं वजन किती हे कुठेच दिलेलं नाही. ते कळल्याशिवाय मंजुरी देणं म्हणजे डोळे झाकून विहिरीत उडी मारणं. भिंतीचं वजन कळायला भिंत समोर हवी. हे इतकं सरळ होतं की कंपाउंडरांना त्यात खोट काढता येईना. त्यांनी दोन शेजारी हाताशी घेतले आणि भिंत खाली पटांगणात आणायला सुरुवात केली.

"अहो, तुम्ही भिंत काढताय," कंपाउंडरीणबाई म्हणाल्या.

"दुरुस्त करायलाच काढतोय."

"मग तिघं मिळून तिथल्या तिथेच परत रचा ना. दगड हातात आहेत, जागा समोर आहे."

"आणि नंबर? एक नंबर सोडून द्यायचा?"

बाईंनी कपाळाला हात लावला. कंपाउंडरांना मात्र मनातून थोडं लाजल्यासारखं झालं, कारण बायकोचं म्हणणं त्यांना पटलं होतं. पण आठ महिने रांगेत उभं राहिलेल्या माणसाला रांग चुकीची आहे हे पटून उपयोग नसतो.

पटांगणात आता काम जोरात चाललं. सकाळी लांबहात्या भिंतीचे आलेले सगळे दगड पूर्वेच्या कडेला रचायचा, दुपारी पश्चिमेच्या. चालक कंटाळून गेला. पण वापराच्या नोंदवहीत रोज सात तास पडत होते आणि दोनशे दगडांपुढे बरोबरची खूण होत होती. वर्षाच्या शेवटी समितीने अहवालात लिहिलं की यंत्राला एकही ओरखडा गेलेला नाही.

शेवटचा दगड खाली आल्यावर समितीने जागेची पाहणी केली. आठ दिवसांनी कंपाउंडरांना पत्र आलं. अर्जात नमूद केलेली भिंत सदर जागी आढळून आली नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

कंपाउंडर पत्र हातात घेऊन ओट्याशी उभे राहिले. खिडकीतून आता नुसती उघडी माती दिसत होती. त्यांना पहिल्यांदा खरी भीती वाटली.

दोन दिवस पावसाची झड लागली आणि तिसऱ्या दुपारी माती आली. फार गाजावाजा न करता आली. मागची खिडकी ढकलून आत शिरली, ओट्यावर चढली, शेगडी गिळली आणि स्वयंपाकघराच्या मध्यापर्यंत येऊन थांबली. कंपाउंडरीणबाई बाहेरच्या खोलीत शिवण घेऊन बसल्या होत्या म्हणून वाचल्या. कंपाउंडर धावत आले, बाईंना आधी नखशिखांत बघितलं आणि मग मटकन खाली बसले. बाईच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

अध्यक्ष तासाभरात आले. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. ते हळहळले, चुकचुकले, आणि मग त्यांची नजर उरलेल्या अर्ध्या फरशीवर गेली. हल्ली ते खिशात एक छोटी पाणसळ बाळगत, ती काढून त्यांनी फरशीवर ठेवली. ते वाकले, एक डोळा मिटून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"कंपाउंडर, इतकी सपाट जागा तुमच्या घरात होती आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत?"

त्याच संध्याकाळी सर्वसाधारण सभा बोलावली. विषय एकच. कंपाउंडरांचं स्वयंपाकघर नियमात बसतं. माती तिथे आहे. यंत्र तिथे चालू शकतं. अडचण इतकीच की दार अडीच फूट आहे आणि लांबहात्याला सहा फूट लागतात, तेव्हा त्याला आत नेण्यासाठी स्वयंपाकघराची पुढची भिंत पाडावी लागेल. ठराव वाचून झाल्यावर कंपाउंडरीणबाई उभ्या राहिल्या.

"मी काय म्हणते, इथे एकसष्ट माणसं आहेत. म्हणजे एकशे बावीस हात. घमेली मी देते. तासाभरात माती बाहेर पडेल, भिंत पाडायलाच नको."

कुणी चपला बघू लागलं, कुणी फोन. चालक तेवढा अर्धवट उठला, पण तो सभासद नव्हता.

"सूचना चांगली आहे," अध्यक्ष म्हणाले. "लेखी द्या. पुढच्या सभेत घेऊ. आता ठरावाच्या बाजूने हात वर करा."

पहिला हात कंपाउंडरांचा होता. नवा अर्ज त्यांनी दुपारीच टाकला होता आणि त्यालाही एक नंबर मिळाला होता. बायकोकडे मात्र त्यांनी बघितलं नाही. मग एकेक करत हात वर झाले, कोपरातून वाकलेले, कुणाच्या लक्षात येऊ नयेत इतपतच. मागच्या रांगेत, पंख्याखाली, तुम्हीही बसला होता. बाईंचं म्हणणं तुम्हालाही पटलं होतं. घरी जाताना तुम्ही तसं बोललातसुद्धा. तुमचा हात नक्की किती वर गेला होता यावर आता वाद नको. इतिवृत्तात "सर्वानुमते मंजूर" असं लिहिलंय, आणि खाली तुमची सही आहे.